दुखत नाही म्हणणाऱ्याचा हातमोजा

मित्रांनो, हातमोजा म्हटलं की तुम्हाला थंडीत घालायचा तो लोकरीचा, गुबगुबीत प्रकार आठवत असेल. तो मी नव्हे. मी बैलाच्या जाड कातड्याचा, चामड्याच्या वादीने शिवलेला, मधोमध खोल खळगा असलेला बेसबॉलचा हातमोजा आहे, आणि तोही साध्यासुध्या खेळाडूचा नाही, कॅचरचा. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक उभा असतो ना, साधारण तिथे आमचा कॅचर उकिडवा बसतो. आमच्या खेळात पिचरने फेकलेला चेंडू टप्पा न खाता थेट येतो, आणि फलंदाजाची बॅट चुकली की तो माझ्या पोटात शिरतो. दिवसभर हेच. एके काळी माझा रंग मधासारखा होता. आता कसा आहे ते विचारू नका.

माझ्या मालकाचं नाव मर्ल ओस्टरमन. ही गोष्ट मी त्याच्यावर चिडून सांगतो आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझा त्याच्यावर जीव आहे, नाही असं नाही. पण एखाद्याच्या डाव्या हातात अर्धं आयुष्य काढलं, की त्याच्या हट्टाचा जितका वैताग येतो तितका त्याच्या बायकोलाही येत नसेल. बायकोला निदान उठून दुसऱ्या खोलीत जाता येतं.

कारखान्यात मला शिवलं तेव्हा मी इतका ताठ होतो की मला धड मिटताही येत नव्हतं. मर्ल तेव्हा नुकताच खालच्या लीगमधल्या एका संघात लागला होता. त्याने मला दुकानातून आणलं, दाढीचा फेस फासला, वर तेल चोपडलं, पोटात चेंडू कोंबला, कमरेच्या पट्ट्याने करकचून आवळलं आणि गादीखाली सरकवलं. आमच्याकडे नवा हातमोजा असाच वळणावर आणतात. लग्नाला जेमतेम महिना झालेला. त्याची बायको अर्डिस गादीवर बसली आणि तशीच उठली.

"मर्ल, गादीखाली काय आहे?"

"हातमोजा."

"तो तिथं काय करतोय?"

"मुरतोय."

"लोणचं आहे का ते?"

"थोडे दिवस कळ काढ ना. एकदा मऊ झाला की काढतो."

"तो मऊ होईपर्यंत माझी पाठ वाकडी होईल, त्याचं काय?" असं म्हणून ती भिंतीकडच्या बाजूला जाऊन झोपली. पण तिने मला बाहेर फेकलं नाही. अर्डिसबद्दल माझं मत तेव्हापासूनच चांगलं आहे.

मग सुरू झाली नोकरी. आज हे गाव, उद्या ते गाव, बसच्या खिडकीबाहेर मैलोन् मैल मका, आणि रोज शेकडो चेंडू. त्यातले सगळ्यात वाईट चेंडू ओटिस प्रुइटचे. ओटिस मिसिसिपीकडून आलेला उंच, काळा, हसरा, डावखुरा पिचर. सगळे त्याला डावऱ्या म्हणत. त्याचा चेंडू येताना सरळ दिसायचा आणि शेवटच्या हातभर अंतरात कुठेतरी भलतीकडेच वळायचा. मर्ल मला तिकडे नेईपर्यंत माझी त्रेधा उडायची. चेंडू नेमका खळग्यात बसला तर ठीक, पण जरा इकडेतिकडे झाला की मर्लच्या तर्जनीवर आदळायचा, आणि ते बोट संध्याकाळपर्यंत वांग्यासारखं होऊन जायचं.

आता मी ज्यामुळे चिडलो आहे ती गोष्ट सांगतो. आमच्या खेळात एक रीत आहे. पिचरचा चेंडू फलंदाजाच्या अंगावर बसला, तर त्याने जिथे लागलं तिथे हात लावायचा नाही. चोळायचं नाही, फुंकर घालायची नाही, तोंड वाकडं करायचं नाही. पिचरला कळता कामा नये की दुखलं. खाली मान घालून पहिल्या बेसकडे, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्याकडे, पळत जायचं, जणू अंगावर माशी बसून उडाली. ही रीत कुठेही लिहिलेली नाही, आणि म्हणूनच सगळे ती पाळतात. पुष्कळ खेळाडू ती मैदानावर पाळतात आणि घरी येऊन बर्फाच्या पिशवीत बसून कण्हतात. आमचे महाराज ती घरीसुद्धा पाळत. दाढ ठणकत असली तरी पाळत, दारात बोट चेंगरलं तरी पाळत. एकदा शिडीवरून पडून बरगडीला तडा गेला, तर शेजाऱ्याला म्हणाले, "छे, मी खाली उतरतच होतो."

तो स्वतः चोळायचा नाही, म्हणून अर्डिस चोळायची. काही विचारायची नाही, काही बोलायची नाही. सामना संपवून तो घरी आला की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती त्याचा डावा हात आपल्यापुढे ओढून घ्यायची आणि कोमट तेलाने एकेक बोट रगडायची. तो छताकडे बघत मक्याच्या भावाबद्दल बोलत राहायचा. उरलेलं तेल ती माझ्या अंगाला लावायची. माझ्या खळग्याखाली स्पंजचा एक तुकडा आहे, तोही तिनेच आतून शिवला. आपल्या कोटाच्या खांद्यातून काढलेला होता. त्या कोटाचा एक खांदा मग कायमचा पडलेला राहिला आणि ती तोच कोट घालून चर्चला जायची.

एका उन्हाळ्यात मोठ्या लीगच्या संघाचे दोन्ही कॅचर जायबंदी झाले आणि मर्लला बोलावणं आलं. काय सांगू तुम्हाला ते दिवस! मैदानावर कार्पेटसारखं गवत होतं आणि तेवढी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. एका वर्तमानपत्राने लिहिलं की ओस्टरमनच्या हातमोज्यात चेंडू पडतो तो आवाज ऐकायला तिकीट काढावं. ओस्टरमनच्या हातमोज्यात! म्हणजे माझ्यात. मर्लने तो अंक जपला नाही, त्याने त्यात मासे गुंडाळले. मी मात्र त्याला अजून माफ केलेलं नाही.

पुढच्या वर्षी गुडघा गेला. त्याचं दुखणं त्याने इतके दिवस लपवलं होतं की डॉक्टरने गुडघ्याचा फोटो पाहिला आणि नुसतं पाहतच राहिला. खेळ संपला. आम्ही आयोवा राज्यातल्या त्याच्या गावी परत आलो. मर्ल बियाण्यांच्या दुकानात कामाला लागला, त्यांना डेब नावाची मुलगी झाली. ओटिसने तर त्याच गावातल्या शिक्षिकेशी लग्न केलं आणि मोठ्या रस्त्यावर केस कापायचं दुकान टाकलं. आणि मी? मला गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवलं. एका बाजूला कुंपण छाटायची कात्री, दुसऱ्या बाजूला गळका पाइप. उंदरांनी माझी करंगळीची वादी कुरतडली. वर्षानुवर्षे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मी तक्रार करत नाही, पण कळावं म्हणून सांगतो.

मग अर्डिसला कॅन्सर झाला. हिवाळ्यात कळलं आणि वसंत ऋतू सरायच्या आत ती गेली.

आमच्याकडे घरात मृत्यू झाला की शेजारीपाजारी जेवणाचे ट्रे आणतात. फ्रिज भरला की बाकीचे ट्रे गॅरेजमध्ये ठेवतात, कारण तिथे गार असतं. म्हणून मी सगळं पाहिलं. बटाट्याचे ट्रे, शेवयांचे ट्रे, हॅमचा हा एवढा मोठा तुकडा. मर्ल काळ्या सुटात गॅरेजच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होता, "हॅम घेऊन जा थोडं. एवढं कोण खाणार?" लोक विचारत, "मर्ल, कसा आहेस?" तो म्हणे, "मी ठीक आहे. यंदा पेरणी लांबणार असं दिसतंय."

डेब मिनियापोलिसहून आली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. सगळे गेल्यावर ती गॅरेजमध्ये आली आणि तिने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. आणि मर्लने काय करावं? त्याने तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या. नुसत्या दोन थापा! धावा दिलेल्या पिचरला धीर द्यायला कॅचर मारतो ना, तशा.

डेब मागे सरली. "बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

"तू दमलीयस, बाळा. जा, झोप जरा."

"मी दमले नाहीये. माझी आई गेलीय."

मर्ल ट्रे एकावर एक रचत राहिला. डेब निघून गेली, आणि त्यानंतर तिचे फोन येत पण ते हवामानापलीकडे जात नसत. मी खिळ्यावर लटकून नुसता धुमसत होतो. मला माहीत होतं की त्याला वाटतंय. त्याने तोच एक ट्रे तीनदा उचलून पुन्हा जागेवर ठेवला होता. पण सांगणार कोणाला? मला तोंड नाही, नुसता खळगा आहे.

मला खिळ्यावरून काढलं ते ओटिसने. दर रविवारी चर्च सुटल्यावर तो मर्लकडे यायला लागला. पहिल्याच रविवारी गॅरेजमध्ये शिरला, मला झटकलं, माझ्यातून एक वाळलेलं कोळ्याचं जाळं काढलं आणि मला मर्लच्या अंगावर फेकलं.

"चल, मागच्या अंगणात. घरात बसून बसून तू भाजीसारखा सुकशील."

"डावऱ्या, तुझा चेंडू आता माझ्यापर्यंत पोचेल का?"

"नाही पोचला तर तू पुढं ये. तुझं तरी काय काम आहे?"

मर्लला आता उकिडवं बसता येत नव्हतं. तो बादली पालथी घालून तिच्यावर बसायचा. ओटिस अर्डिसच्या टोमॅटोच्या वाफ्याशेजारी उभा राहून फेकायचा. ओटिसचा चेंडू म्हातारा झाला होता, पण शेवटच्या हातभर अंतरात वळायची खोड गेली नव्हती. उन्हाळाभर आमचं बरं चाललं होतं.

उन्हाळा सरता सरता मला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. नीट ऐका, कारण हे जगात फक्त मला माहीत होतं. कॅचरचा डावा हात दुखतोच. ते दुखणं तळव्यात सुरू होतं, चेंडूच्या आवाजाबरोबर येतं आणि मनगटाकडे वर चढतं. हे दुखणं उलटं होतं. ते खांद्याकडून खाली यायचं, करंगळीपर्यंत उतरायचं, आणि तेही चेंडू येण्याच्या आधी. मर्ल गॅरेजपासून बादलीपर्यंत चालत आला की माझ्या आत त्याची बोटं गार पडायची आणि तळव्याला घाम सुटायचा. आणि हा शहाणा काय म्हणायचा? "जुना हात आहे, त्याला चेंडूची आठवण येते." अरे, हात जुना आहे म्हणून काय वाटेल ते खपवून घ्यायचं? दुसऱ्या कोणत्याही माणसाचा डावा हात असा दुखला असता तर तो घाबरून डॉक्टरकडे पळाला असता. पण याने आयुष्यभर डाव्या हाताचं दुखणं पगारात धरलं होतं, त्यामुळे हेही त्याच खात्यात टाकलं. ही चूक फक्त कॅचरच करू शकतो.

एका रविवारी हवा चांगलीच गार होती. मर्ल बादलीवर बसला तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि मला घातलेला डावा हात मांडीवरच पडून राहिला होता. त्याने नेहमीप्रमाणे मांड्यांच्या मधे उजव्या हाताने खूण केली: एक बोट. म्हणजे सरळ, जोरात. कॅचरने खूण करायची आणि पिचरला पटली तर त्याने तसा चेंडू टाकायचा, नाही पटली तर मान हलवायची.

ओटिसने मान हलवली.

मर्लने दोन बोटं दाखवली. ओटिसची मान पुन्हा नकारार्थी हलली. तीन बोटं. नाही. चारही बोटं वळवळवली. नाही.

"अरे, मला पाचवी खूण येत नाही!" मर्ल ओरडला. "आता पाय दाखवू का?"

ओटिस हातात चेंडू घेऊन नुसता उभा राहिला. शेवटी मर्ल बादलीवरून उठला आणि पुटपुटत, धापा टाकत टोमॅटोच्या वाफ्यापर्यंत गेला. सामना चालू असताना कॅचर असा पिचरशी बोलायला गेला, की तो हातमोजा तोंडापुढे धरतो, म्हणजे समोरच्या संघाला ओठ वाचता येत नाहीत. मर्लनेही सवयीने मला तोंडापुढे धरलं. ओटिसनेही आपला हातमोजा तोंडापुढे धरला. अंगणात समोरचा संघ नव्हता. कुंपणावर एक खार होती.

"काय पाहिजे तुला?" मर्ल माझ्यात बोलला.

"हात कधीपासून दुखतोय?"

"कॅचरचा हात दुखणारच. तुझेच चेंडू घेऊन दुखतोय."

"गाढवा, आज मी एकही चेंडू टाकलेला नाही."

मर्लने मला तोंडावर आणखी दाबलं. त्याचा श्वास माझ्या खळग्यात गरम गरम येत होता, तुटक तुटक. मी मनातल्या मनात ओरडत होतो, सांग, अरे सांग एकदाचं!

"दुखतंय रे," तो माझ्या आत पुटपुटला. "खांद्यापासून करंगळीपर्यंत. छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. पायऱ्या चढवत नाहीत."

"कधीपासून?"

"अर्डिस गेली, त्यानंतर. उन्हाळा सरताना."

"आणि हे तू आज सांगतोयस?"

"तू आज विचारलंस."

"मी दर रविवारी विचारतो, कसा आहेस म्हणून!"

"तोंडापुढं हातमोजा धरून कधी विचारलं नाहीस."

ओटिसने आकाशाकडे पाहिलं, मिसिसिपीतल्या त्याच्या आईला आवडली नसती अशी एक शिवी हासडली आणि मर्लला दंडाला धरून आपल्या गाडीत कोंबलं. मर्ल वाटेत म्हणतच होता की गाडी मी चालवतो, तू ब्रेक फार उशिरा दाबतोस.

इस्पितळात पोचलो तरी मी त्याच्या हातातच होतो. तिथल्या माणसाला मला ओढून काढावं लागलं. मग सुया आल्या, नळ्या आल्या, आणि एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विचारलं, "दुखतंय का?" मर्ल म्हणाला, "फारसं नाही." ओटिसने मला त्यांच्या टेबलावर दाणकन आपटलं. "डॉक्टरीणबाई, या माणसाचं काही ऐकू नका. हा खेळात अंगावर चेंडू बसला तरी चोळत नाही." बाईंचे वडील गावच्या संघात खेळलेले असावेत. त्यांनी मर्लकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुढचं काहीही त्याला विचारलं नाही, सरळ तपासण्या केल्या. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद झाल्या होत्या. छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागणार होती.

डेब रात्रीतून गाडी हाकत आली. शस्त्रक्रिया चालू होती तेव्हा ओटिस मला काखेत धरून बाहेरच्या खुर्चीवर बसला होता आणि माझ्या कुरतडलेल्या वादीशी चाळा करत होता.

"काका, त्यांनी मला का नाही सांगितलं?" डेबने विचारलं.

"बाळा, त्यानं मलाही नाही सांगितलं. त्यानं याला सांगितलं." त्याने मला वर धरलं. "मी आपला बाजूला उभा होतो म्हणून ऐकलं."

डेबने माझ्याकडे असं पाहिलं की मला खिळ्यावर परत जावंसं वाटलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. मित्रांनो, तुम्हाला वाटेल गोष्ट संपली. मलाही तसंच वाटलं होतं. पण माझ्या मालकाला तुम्ही अजून ओळखलेलं नाही.

छाती उघडून पुन्हा जोडली की माणसाला खोकावं लागतं, नाहीतर फुप्फुसात कफ साचून ताप चढतो. आणि खोकताना जोडलेलं हाड असं दुखतं की बास. म्हणून तिथे प्रत्येकाला एक लाल उशी देतात. ती दोन्ही हातांनी छातीशी घट्ट कवटाळायची आणि मग खोकायचं. साधी गोष्ट आहे. शेजारच्या पलंगावरचा माणूस तसंच करत होता, दर खोकल्याला आईला हाका मारत होता आणि दिवसेंदिवस गुलाबी होत चालला होता. आमच्या वीराने ती उशी पायाखाली घेतली.

"बाबा, उशी धरा आणि खोका."

"खोकला येत नाहीये."

"येत नाहीये की येऊ देत नाही?"

"सगळ्या वॉर्डासमोर उशीला मिठ्या मारत बसू का मी?"

ताप चढला. दुसऱ्या दिवशी आणखी चढला. डॉक्टरीणबाईंनी छातीवर नळी लावून ऐकलं आणि डेबला बाजूला घेऊन सांगितलं की हे असंच चाललं तर हृदय दुरुस्त होऊनही उपयोग नाही. मी ओटिसच्या काखेतून सगळं ऐकत होतो. काय करावं या माणसाला? मृत्यूच्या दारातून ओढून आणला, तर हा उंबऱ्यावर बसून राहिलेला, का, तर लोकांना दिसेल की दुखतंय!

डेब परत आली ती रडत नव्हती. ती संतापली होती. "तुम्ही आई गेली तेव्हाही असेच होतात. हॅम वाटत होतात! मला वाटलं तुम्हाला तिचं काही नाही. आता तुम्हीही चाललात, आणि तेही मला न सांगता. जा! पण मी गॅरेजमध्ये उभी राहून लोकांना ट्रे वाटणार नाही, सांगून ठेवते."

मर्ल पांघरुणाची कडा सरळ करायला लागला. तेव्हा ओटिस उठला आणि त्याने मला मर्लच्या छातीवर ठेवलं.

"घे. ही उशी नाही. हातमोजा धरल्यानं कोणा कॅचरची अब्रू गेलेली मी पाहिली नाही."

"अहो, हे काय घाणेरडं!" नर्स कॅमिली धावत आली. "टाक्यांवर उंदराचं उष्टं ठेवताय?" तिने मला दोन बोटांत उचललं, पण मर्लचा डावा हात माझ्यामागोमाग पलंगावरून उचलला गेला, ते तिने पाहिलं. ती गेली आणि मुलांच्या वॉर्डातून एक धुतलेला उशीचा अभ्रा घेऊन आली. मला त्यात कोंबलं. अभ्र्यावर पिवळी बदकं होती. मोठ्या लीगमध्ये खेळलेला मी, आणि बदकं! पण ती वेळ मानापमानाची नव्हती.

मर्लने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. आजवर मी त्याच्या हातात असायचो आणि त्याच्यापासून लांब, चेंडूच्या दिशेने रोखलेला. त्याच्या छातीचा ठोका मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. तो खोकला. अख्खी छाती माझ्यावर आदळली. ओटिसचा एकही चेंडू मला इतका लागला नव्हता. तो पुन्हा खोकला, आणि मग तिसऱ्यांदा जे आलं तो खोकला नव्हता. म्हातारा रडत होता. रडतानाही टाके दुखतात, म्हणून तो मला आणखी घट्ट आवळत होता, आणि आणखी रडत होता.

"अर्डिसशिवाय मला करमत नाही गं," तो म्हणाला. तोंड माझ्यात खुपसलेलं नव्हतं. सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. "घरात पाय ठेववत नाही."

डेब पलंगाच्या कडेला बसली. "मग मला सांगितलं का नाही, बाबा?"

"तू रडत होतीस. दोघांनी रडून कसं चालेल?"

"दोघांनीच रडायचं असतं हो," ती म्हणाली, आणि तिने आपले हात त्याच्या हातांवर ठेवले. मी मधे चेंगरून गेलो. माझी कुरतडलेली वादी तेवढ्यात तुटलीच.

ताप उतरायला काही दिवस लागले, पण उतरला. आम्ही घरी आलो. आता मर्ल स्वयंपाकघरात टेबलाशी बसतो आणि फोनवर डेबशी बोलतो. पूर्वी तिने विचारलं की कसे आहात, तर म्हणायचा, छान, इकडे पाऊस बरा आहे. आता त्याला जणू नवा खेळ सापडला आहे. गुडघा, पाठ, दाढ, टाके, सगळ्याची साग्रसंगीत हकिगत सांगतो. केस कापून घेताना ओटिसलाही सांगतो, पोस्टमनलाही थांबवून सांगतो. खरं बोलायचं तर आता त्याचाही वैताग यायला लागला आहे. पण काल डेबचा फोन आला तेव्हा त्याने गुडघ्याचं नावच काढलं नाही. सरळ म्हणाला, "आज बरं वाटत नाहीये गं. तुझ्या आईची आठवण येतेय. येतेस का?"

ती निघाली आहे.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कोणी "मला काही झालं नाही" म्हणणारा असेल, तर त्याच्यावर काडीचा विश्वास ठेवू नका. त्याचा हात धरा आणि काय होतंय ते खोदून खोदून विचारा. तोंडापुढे काहीतरी धरल्याशिवाय बोलत नसेल तर तेही आणून द्या. आणि तुमच्यापैकी कोणी कधी आयोवाला आलाच, तर माझंही एक काम करा. माझी तुटलेली वादी कोणी बदललेली नाही, कित्येक महिन्यांत तेलाचा थेंब लागलेला नाही, आणि मी अजून या बदकांच्या अभ्र्यातच आहे. एवढं मला बाहेर काढा. पण घाई करू नका. त्याचा खोकला अजून पुरता गेलेला नाही.